शेरडांचं पुस्तक

गेवराईतल्या आमच्या वाचनालयात संगणक आला, तेव्हा सगळ्या पुस्तकांची यादी मी एकटीने त्यात भरली. कुठलं पुस्तक कुठल्या विषयात जाणार हेही मीच ठरवलं, आणि त्याचा मला भारी तोरा. लोक मात्र विषयाचा रकाना सोडून मनात येईल तो शब्द टाकायचे आणि "कायच न्हाई तुमच्याकडं" म्हणत निघायचे. माझा नुसता तिळपापड व्हायचा.

दसऱ्याआधी चकलांब्याची एक बाई आली. दरसाल नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाणारी. यंदा तिला जायचं नव्हतं. शेळ्या पाळून गावातच राहायचं, म्हणजे पोरीची शाळा बुडणार नाही, असं तिचं गणित. नवरा म्हणाला होता, "त्यावर घर चालतं हे पुस्तकात दाखव, मग राहू."

"मॅडम, शेरडांचं पुस्तक हाय का?"

मी 'शेरडं' टाकलं. काहीच नाही. 'शेळी' टाकल्यावर बालगोष्टी आल्या. 'बकरी' टाकलं, तर बकरी ईदचे पदार्थ, मुखपृष्ठावर रश्श्याचं पातेलं.

ते बघून ती म्हणाली, "पाळायची हायेत मॅडम, शिजवायची न्हाईत."

पेपर वाचणारे एक आजोबा खो खो हसले. मीही हसले, पण ओशाळून. ज्या चुकीसाठी लोकांवर डाफरायचे, तीच मी करत होते. मग विषयाच्या रकान्यात 'पशुसंवर्धन' टाकलं आणि एक पुस्तक निघालं. शीर्षकात नुसता 'जोडधंदा', शेळीचा पत्ता नाही. आत मात्र गोठा, चारा, आजार, सगळं चित्रांसकट. तिने ते उभ्याउभ्याच वाचायला घेतलं.

"पन पशुसंवर्धन, ह्यो असला शब्द आमच्या तोंडात येतोय व्हय?" पुस्तक घेऊन जाताना ती म्हणाली.

खरंच होतं. त्याच दुपारी मी त्या नोंदीत शेरडं, बकऱ्या, करडं हे शब्दही घातले.

पुस्तकाची मुदत टळली. दिवाळी झाली, टोळ्या कारखान्यांकडे गेल्या, तरी ती आली नाही. गेली असणार उसाला, असं वाटून मला फार वाईट वाटलं.

पौषात एका सकाळी ती दारात उभी.

"रागावू नका मॅडम," म्हणत तिने पिशवीतून पुस्तक काढलं. एक कोपरा पार कुरतडलेला. "करडानं खाल्लं."

पान दुमडलं तरी लोकांवर खेकसणारी मी, पण तोंडून आलं भलतंच. "अगं, करडाला काही झालं नाही ना?"