अर्जातली आजारी आई

ओमानमधल्या दुक्मच्या कामगार कॅम्पात रजेचे अर्ज मी लिहितो. हुद्द्याने स्टोअरकीपर, पण इंग्रजी बरं, आणि त्याविषयीचा माझा गर्व त्याहून बरा. माझा अर्ज ठरलेला. आधी साहेबांची स्तुती, मग एकच विनवणी तीनदा फिरवून, आणि शेवटी ज्याला उत्तरच नाही असा प्रश्न: आपणच नाही म्हणालात तर आम्ही कुणाकडे पाहायचं? मधोमध हमखास एक वाक्य, 'आई सिरियस आहे.' कुणाच्या घराचा स्लॅब असो, साखरपुडा असो, अर्जात आजारी आईच पडायची. कॅम्पाचा रिवाजच तो.

गेल्या गणपतीच्या तोंडावर अर्जांची रीघ लागली होती, तेव्हा मालवणकडचा एक वेल्डर आला. आठवी शिकलेला, बोलणं मोजकं. त्याच्या आईला खरोखरच झटका आला होता आणि डॉक्टरांनी लवकर या म्हणून सांगितलं होतं. मी सवयीने ते वाक्य टाइप केलं आणि हात थांबला. त्याच आठवड्यात तिघांच्या आया मी आजारी पाडल्या होत्या. साहेब हे खरं मानणार नाहीत, आणि ते माझ्यामुळे, हे मी त्याला सांगून टाकलं. मला लाज वाटली.

तो रागावला नाही. म्हणाला, "मगे आवशीचा नाव काडूच नको, भाऊ. मी गेल्यार माझा काम कोण करतलो, ता लिव. सायबाक तीच काळजी."

त्याने सगळं ठरवूनच आणलं होतं. कुठले जोड राहिलेत, त्याच्या जागी कोण उभा राहणार, परतीची तारीख कुठली. चार ओळी झाल्या. हा काय अर्ज झाला, असं मी पुटपुटलोसुद्धा.

सकाळी त्याच्यासोबत मीही आत गेलो. ओमानी साहेबांनी कागद दोनदा वाचला. "सब ठीक है. लेकिन जाना क्यों है?"

"माँ बीमार है."

"लिखा क्यों नहीं?"

"वो तो सब लिखते हैं, साब."

साहेबांनी त्याच्याकडे नीट पाहिलं, माझ्याकडे त्याहून नीट, आणि सही केली. "यल्ला, आज ही जाओ."

इतकी वर्षं मी शब्दांनी साहेबांना ढकलत आलो. या माणसाने त्यांच्या मनातल्या प्रश्नाचं उत्तर आधी दिलं आणि स्वतःचं सगळ्यात जड वाक्य त्यांनी विचारीपर्यंत जवळ ठेवलं. मला ते कधीच सुचलं नसतं.

लिहिलेल्या तारखेलाच तो परतला. डोक्याचं मुंडण केलेलं होतं. आई गेली होती, पण चार दिवस तो तिच्या उशाशी होता.

"माका वळाखल्यान," एवढंच तो म्हणाला. आईने त्याला ओळखलं होतं.

त्याच दुपारी एकजण अर्ज लिहून घ्यायला आला, घराच्या स्लॅबसाठी. म्हणाला, "नेहमीसारखं टाका, आई सिरियस."

मी विचारलं, "आई कशी आहे?"

"ठणठणीत."

"मग तिला फोन कर आधी," मी म्हणालो, आणि स्लॅबचाच अर्ज लिहायला घेतला.