सालीतले तंतू

आई जर्मनीत लुडविग्सहाफेनला माझ्याकडे आली ती तीन महिन्यांसाठी. इथे बाथरूममध्ये पाय घसरला, मणका दबला आणि हाडं आतून पोकळ झाल्याचं कळलं. आणखी मणके दबले नाहीत तर सहा महिन्यांनी विमानात बसता येईल, असं डॉक्टर म्हणाले. तिला सांगलीला स्वतःच्या घरी जायचं होतं. बाकी कशाशी तिला देणंघेणं नव्हतं.

दर सोमवारी उपाशीपोटी एक गोळी घ्यायची, मग अर्धा तास ताठ बसायचं आणि तोवर चहा नाही. चहावाचूनचा तो अर्धा तास तिला शिक्षा वाटे. आमच्या गल्लीत एका चिनी वैद्यबाईंची प्राक्सिस, म्हणजे दवाखाना आहे. काचेतून तिथले जडीबुटींचे लाकडी खण दिसले आणि तिथलंच औषध हवं म्हणून आई हटूनच बसली.

वैद्यबाईंनी हाडांच्या काढ्यात घालायची एका झाडाची साल मोडून दाखवली. दोन तुकड्यांमध्ये रेशमासारखे पांढरे तंतू ताणले गेले. "बघ, मोडूनही सुटत नाही," आई म्हणाली. वैद्यबाईंनी मात्र जर्मनमध्ये बजावलं, डॉक्टरांची गोळी थांबवायची नाही. मी ते मराठीत सांगितलं. आईने मान डोलावली.

मग रोज सकाळी ती स्वतः वैद्यबाईंनी दिलेल्या पुड्यांचा काढा उकळू लागली. जिन्यापर्यंत वास जाई. गुळाचा खडा तोंडात धरून ती तो कडू घोट संपवायची आणि वर मलाच विचारायची, "मी आता ताठ दिसते ना?" मला बरं वाटे. इतकं बरं वाटे की सोमवारच्या गोळीची चौकशी करायचं मी सोडून दिलं.

तीन महिन्यांनी पातेलं उचलताना दुसरा मणका दबला. तिचं खोबरेल शोधताना तिच्या कपाटाच्या खणात एक डबी सापडली. काढा सुरू झाल्यापासूनच्या सगळ्या गोळ्या तिच्यात होत्या.

"आई, घेतल्या का नाहीस?"

"अगं, दोन पॅथी एकत्र कशा चालतील? होमिओपॅथी सुरू केली की आपण बाकीचं बंदच करायचो ना?"

खरंच करायचो. साबुदाण्याएवढ्या गोळ्या घरात आल्या की कॉफी आणि कांदासुद्धा बंद व्हायचा. मी त्याच घरात वाढले. आता रोज रसायनं तपासून पोट भरते आणि हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मला तिचा राग आला, आणि स्वतःची शरम त्याहून जास्त वाटली.

आता सोमवारची गोळी मी समोर उभी राहून देते. फार उशीर झालाय, हे डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. विमानाचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही विचारलं नाही. काढाही आता मीच उकळते, कारण तिला उभं राहवत नाही. काल पेला हातात घेऊन तिने विचारलं, "सांगलीला कधी जायचं गं?"

"हे पुडे संपले की," मी म्हणाले.

संध्याकाळी जाऊन मी आणखी पुडे घेऊन आले.