दाढी आणि दाखला

त्याच्या सलूनमध्ये दाढीला एक स्तोत्र लागायचं, केस कापायला एक अध्याय, आणि कोणी हौसेनं केस रंगवायला बसलाच तर प्रेषिताचं अख्खं पत्र पहिल्या नमस्कारापासून शेवटच्या आशीर्वादापर्यंत ऐकूनच उठायचा. गल्लीत सगळे त्याला वचनदादा म्हणत. तोंडावर आदरानं म्हणत, पाठीमागेही हेच नाव घेत, फक्त जरा वेगळ्या सुरात.

त्याचं पाठांतर दांडगं होतं, यात शंका नाही. रोज पहाटे चहाच्या आधी तो शास्त्र उघडून बसायचा आणि एकेक वचन मनात घोळवायचा. घोळवायचा म्हणजे ते कोणाला लागू पडतं हे ठरवायचा. खोट्या मापाबद्दलचं वचन आलं की त्याला बेकरीवाला आठवे. गर्वाबद्दलचं आलं की समोरच्या घरातले निवृत्त मास्तर. जिभेला लगाम घालण्याबद्दलचं आलं की बायको, आणि ते तो जरा मोठ्यानं वाचायचा. इतक्या वर्षांच्या अभ्यासात स्वतःच्या मापाचं वचन त्याला एकदाही सापडलं नव्हतं. पण शास्त्र अफाट आहे, पुढेमागे सापडेलही, अशी त्याची वृत्ती होती.

मग दिवसभर ती वचनं ज्याची त्याला पोचवायचं काम. त्यासाठी त्याच्या धंद्याइतकी सोय दुसऱ्या कुठल्या धंद्यात नाही. गळ्याशी वस्तरा असताना माणूस कुठल्याही गोष्टीला कबूल होतो. "पटतंय ना?" असं तो विचारायचा, आणि खुर्चीतला माणूस मान न हलवता जमेल तेवढं "हं" म्हणायचा.

"आज चौघांची मनं वळवली," तो जेवताना बायकोला सांगायचा.

"वळवली की त्यांच्या माना वळेनात?" बायको विचारायची आणि त्याच्या ताटात भाजी वाढायची.

चर्चमध्ये रविवारच्या उपासनेत शास्त्रपाठ वाचायचा मान त्याचा होता. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ, त्यामुळे कोणाची हरकत नव्हती. हरकत होती ती त्याच्या नियमाला. दाढी वाढलेल्या माणसानं वाचनाच्या मेजाजवळ उभं राहायचं नाही, हा नियम त्यानं स्वतःच केला आणि स्वतःच मंडळीला लागू केला. एकदा तो तापानं पडला असताना बेकरीवाला वाचायला उभा राहिला, दोन दिवसांची दाढी घेऊन. वचनदादा तापातून उठल्या उठल्या त्याच्या दुकानात गेला आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्याची हजेरी घेऊन आला. शास्त्रातल्या बहुतेक थोर माणसांना दाढ्या होत्या, हे पाळकसाहेबांनी एकदा हळूच सुचवून पाहिलं.

"त्यांच्या गल्लीत सलून नव्हतं," वचनदादा म्हणाला. पाळकसाहेबांनी विषय सोडून दिला.

आता धाकट्या भावाबद्दल सांगायला हवं, कारण वचनदादा स्वतःहून सांगणार नाही.

सलूनमध्ये पूर्वी दोन खुर्च्या होत्या. दुसरीवर धाकटा काम करायचा. तो बोलण्यात अगदीच कंजूष. "बाजूला बारीक करू?" आणि "झालं," एवढ्यात त्याचा अख्खा माणूस उठायचा. हळूहळू असं व्हायला लागलं की मोठ्याची खुर्ची रिकामी आणि बाकावर तिघे धाकट्यासाठी खोळंबलेले. वचनदादा हाक मारायचा, "या की इकडे," आणि ते तिघे एकाच वेळी पेपरात डोकं खुपसायचे. शेवटी धाकटाच एकदा म्हणाला, "दादा, लोक डोकं हलकं करायला येतात रे. तू जड करून पाठवतोस."

झालं. महिनाभर मोठा फुरंगटून बसला, आणि महिन्यानं धाकट्यानं रस्त्याच्या पलीकडे स्वतःचं सलून टाकलं. एक खुर्ची, एक मोठा आरसा आणि एक रेडिओ.

त्याच महिन्यात एका रविवारी वाचायला आला तो दोन मुलांच्या बापाचा दाखला, शास्त्रातली एक बोधकथा. त्यातला धाकटा आपला वाटा घेऊन घर सोडतो, दूरदेशी सगळं उडवतो आणि शेवटी डुकरं राखायची वेळ त्याच्यावर येते. वचनदादानं तो भाग असा काही रंगवून वाचला की मागच्या रांगेतली झोपलेली माणसंही जागी झाली. पूर्ण वेळ त्याची नजर तिसऱ्या बाकावर होती, जिथे धाकटा बायकोपोरांसह बसला होता. दाखल्यातला धाकटा डुकरांपाशी पोचला, तसं वचनदादा थांबला, "आजही असं घडतं" असं पदरचं एक वाक्य त्यानं जोडलं आणि पुस्तक मिटून खाली उतरला. पुढे मुलगा घरी परततो, बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो, हे सगळं राहून गेलं. सख्ख्या भावाला भर मंडळीत डुकरांमध्ये उभा करून हा जागेवर येऊन बसला, आणि बायकोला म्हणाला, "आवाज पोचला ना मागेपर्यंत?"

पोचला होता. तिसरा बाक पुढच्या रविवारपासून रिकामा राहिला. त्याला सात वर्षं झाली. जावाजावांनी भांडण मनावर घेतलं नव्हतं. मागच्या दारानं वाट्या आणि बातम्या दोन्ही चालू होत्या. भाऊ मात्र रस्त्याच्या दोन बाजूंना आपापल्या दारात उभे राहून एकमेकांच्या डोक्यावरून आभाळ बघायचे. वचनदादाच्या बायकोला ही गोष्ट रोज खुपत होती आणि ती रोज बोलून दाखवत होती. जिभेला लगाम घालण्याबद्दलचं वचन मग त्या घरात वारंवार वाचलं जाई.

आणि अशात एका सोमवारी वचनदादा पडला. आरशाच्या वर तो एक नवी पाटी ठोकत होता. देव आपला पाय घसरू देत नाही, अशा अर्थाचं वचन पाटीवर होतं. स्टूल डुगडुगलं आणि वचनदादा पाटीसकट खाली आला. पाटी शाबूत राहिली, उजवं मनगट मोडलं.

"पाय घसरला नाही," हाताला प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरला त्यानं बजावून सांगितलं. "स्टूल घसरलं." डॉक्टरच्या हातात वस्तरा नव्हता, तरी तो "हं" म्हणाला.

सलून बंद झालं. बुधवारी पाळकसाहेब भेटायला आले. जाताजाता म्हणाले, "या रविवारी वाचन मास्तरांना देऊ का? तुमच्या हाताचं असं झालंय."

"वाचायला हात कशाला लागतो?" वचनदादा उसळला. "कुठला भाग आहे?"

पाळकसाहेबांनी छत्री उचलली. "तो दोन मुलांचा दाखला. मागे थोडा राहिला होता ना, तिथून पुढे."

यात त्यांचा काही कावा होता की वाचनाच्या क्रमात तो भाग आपसूक आला, देव जाणे. पाळकसाहेबांचा चेहरा साधासुधा होता, पण तो तसा नेहमीच असायचा.

दुसऱ्या दिवशी पहाटे वचनदादानं डाव्या हातानं पानं उलटली. मुलगा परत येतो, घरात मेजवानी सुरू होते, गाणंबजावणं होतं. मोठा शेतातून येतो, आतला आवाज ऐकतो आणि रुसून बाहेरच उभा राहतो. बाप बाहेर येऊन त्याची मनधरणी करतो. इथेच दाखला संपतो. मोठा आत गेला की नाही, ते लिहिलेलंच नाही. हा भाग त्यानं पूर्वी कैकदा वाचला होता, आणि दर वेळी त्याला त्या मोठ्याची दया यायची. बिचारा राबतो, कधी घर सोडत नाही, आणि मेजवानी कोणाला, तर उडाणटप्पूला! दाखल्यातला एकमेव शहाणा माणूस तो हाच, असं त्याचं पक्कं मत होतं.

आता सवयीप्रमाणे हा भाग कोणाला लागू पडतो ते शोधणं आलं. बेकरीवाला एकुलता एक. मास्तरांना चार बहिणी. पाळकसाहेबांना मोठा भाऊ होता, पण तो गाता गाता वारलेला. वचनदादानं गल्लीतलं एकेक घर मनातल्या मनात तपासलं. तेवढ्यात रस्त्यापलीकडे धाकट्यानं दुकान उघडलं आणि रेडिओ लावला. गाण्याचा आवाज थेट वचनदादाच्या उघड्या पुस्तकावर आला. चहा घेऊन आलेल्या बायकोनं खिडकीकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा जिभेला लगाम घातला. तिच्या बोलण्यापेक्षा ते गप्प राहणं त्याला जास्त झोंबलं. चहा निवला तरी तो पुस्तकात बघत बसला होता, आणि त्याला एकदम फार लाज वाटली.

लाज वाटली म्हणून माणूस लगेच उठून रस्ता ओलांडतो असं नाही. वचनदादाला आणखी एक कारण लागलं, आणि ते त्याच्या हनुवटीवर वाढत होतं. शनिवारी दुपारी त्यानं आरशात पाहिलं. आरशातला माणूस त्याच्याच नियमानं रविवारी मेजाजवळ उभा राहू शकत नव्हता. डाव्या हातानं दाढी करून पाहिली, तर गालावर पहिल्याच फटक्याला रक्त. मग बायकोला दाढी करायला बसवलं.

"अहो, मी भेंडी चिरते, माणसं नाही," ती म्हणाली. तरी तिनं वस्तरा घेतला, आणि तो गळ्याशी आल्यावर तिला काहीतरी आठवलं. "आता सांगा, भाऊजींकडे जाताय की मी सुरू करू?"

"हं," वचनदादा म्हणाला.

संध्याकाळी तो रस्ता ओलांडून गेला, पण दारात जाऊन अडकला. आत रेडिओ चालू होता, दोनतीन माणसं हसत होती. आपल्या सलूनमध्ये शेवटचं कोण कधी हसलं होतं, ते त्याला आठवेना. पायरीशी उभा राहून तो गटाराच्या झाकणाकडे बघत राहिला, जणू त्याच्याच पाहणीसाठी आला होता. मग काचेचं दार उघडलं आणि खांद्यावर टॉवेल टाकलेला धाकटा बाहेर आला.

"दादा, बाहेर काय उभा राहिलास? आत ये ना."

वचनदादाच्या अंगावर काटा आला. आत गाणं, बाहेर मोठा, आणि आत बोलवायला कोणीतरी बाहेर आलेलं. हे सगळं पुस्तकात असतं आणि पहाटे वाचायचं असतं, असा त्याचा समज होता. तो मुकाट्यानं आत गेला.

धाकट्यानं त्याला खुर्चीत बसवलं, प्लास्टरचा हात उशीवर ठेवला, मान मागे टेकवली. गालांना फेस लागला. वस्तरा गळ्याशी आला आणि वचनदादानं डोळे मिटले. आता हा काहीतरी ऐकवणार. सात वर्षांचं साठलेलं असेल, आणि इतकी आयती संधी त्याच्या जागी आपण कधी सोडली नसती. एक गाल झाला. दुसरा झाला. धाकटा एकदाच बोलला, "पाणी जास्त गरम नाही ना?"

हे वचनदादाला सोसवेना. "अरे, त्या दिवशी मी चुकलो. तुला डुकरांमध्ये उभा करून मी पुस्तक मिटलं."

वस्तरा क्षणभर थांबला. "अजून तिथेच उभा आहे मी," धाकटा म्हणाला. "वरचा ओठ ताण."

वचनदादानं ओठ ताणला. डोळ्यांतलं पाणी कानापर्यंत गेलं, ते धाकट्यानं फेसाबरोबर टॉवेलनं पुसून घेतलं.

"उद्या पुढचं वाचणार आहे," उठताना वचनदादा म्हणाला. "येशील?"

"रविवारी गर्दी असते दादा. बघू."

रविवारी वचनदादा गुळगुळीत गालांनी मेजाजवळ उभा राहिला. तिसरा बाक रिकामाच होता. त्यानं डुकरांपासून सुरुवात केली. या वेळी रंगवून वाचलं नाही, कोणाकडे पाहिलंही नाही, त्यामुळे मागच्या रांगेतल्यांना निवांत झोप लागली. मुलगा घरी आला, बाप धावला, मेजवानी झाली. मोठा बाहेर रुसून उभा राहिला. बाप त्याला समजवायला बाहेर आला, इथपर्यंत वाचून वचनदादानं मान वर केली, आणि त्याला दरवाज्याबाहेर धाकटा दिसला. दुकानातून तसाच आलेला, शर्टावर कोणाचे तरी केस. एक पाय पायरीवर होता आणि दुसरा परत जायच्या बेतात.

वचनदादानं पुस्तक मिटलं. चार वचनं उरली होती. तो खाली उतरला आणि गळ्यातल्या झोळीत हात सांभाळत भर मंडळीतून दाराकडे चालू लागला. "परत अर्धवट!" मास्तर पुटपुटले. वचनदादाच्या बायकोनं वळून त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"अरे दादा, संपवायचंस तरी," दाराशी धाकटा कुजबुजला.

"त्याला शेवट नाहीच. मोठा आत गेला का, ते लिहिलेलंच नाही." वचनदादाला धाप लागली होती. "तू चल."

धाकटा बाजूला झाला आणि त्यानं वाट करून दिली. "आधी तू जा. तू मोठा आहेस."

वचनदादाला यावर एकही वचन आठवलं नाही. त्यानं डाव्या हातानं धाकट्याच्या शर्टावरचे केस झटकले, आणि मोठा आत गेला. त्याच्यामागून धाकटा.