बियाचं गिलकं

अंबूमावशीला मी पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं. पदर कमरेला खोचलेला, मांडवाखाली वाकलेली, आणि वेलाशी तोंडानं भांडण चाललेलं. "श्रावणात मेला असा चढला, जसा काही राजाच. आता कुठं गेला रुबाब?" मी तेव्हा बुधवाऱ्याच्या गल्लीत नवी नवरी. सासूबाई म्हणाल्या, "ही आपली शेजारीण. हिच्याशी गोड राहा, भाजी विकत आणावी लागणार नाही."

गावाच्या परकोटाबाहेर, तापीच्या अंगाला देवस्थानाची थोडी जमीन होती. पंचांनी ती पट्ट्या पाडून गल्लीतल्या घरांना भाजीपुरती दिली होती. आमची पट्टी मावशीच्या पट्टीला लागून. दसरा झाला की आवराआवर निघायची. उरलीसुरली गिलकी, दोडकी, मिरच्या तोडायच्या, वाळके वेल मांडवावरून ओढायचे, माती उकरून मेथी टाकायची. दिवाळीला कुणाच्या मांडवावर वाळका वेल दिसला की मावशी त्या घरच्या फराळाला नावं ठेवायची. मग चिवडा कितीही खमंग असो.

गिलकं म्हणजे घोसाळं; आमच्याकडे त्याला गिलकंच म्हणायचं, नाहीतर मावशी ऐकूनच घ्यायची नाही. वेलावरचं सगळ्यात सरळ, लांब गिलकं ती कधी खायला तोडत नसे. त्याच्या देठाला तांबडी चिंधी बांधायची. म्हणजे हे बियाचं. ते वेलावरच पिकायचं, वाळायचं, आणि हलवलं की आत बी खुळखुळायचं. मूळ बी तिच्या आईनं असीरगडाच्या पायथ्याच्या गावाहून, सासरी निघताना पदराला बांधून दिलेलं. आई कधीच गेली होती. दर साली मावशी अर्धं बी घरोघर वाटायची, नको म्हटलं तरी. लोक लावायचे आणि खाऊन टाकायचे, बियाला कुणी ठेवत नसे. "बी एका घरी ठेवू नये वो. घराचा काय भरवसा." मला हा आग्रह जाचाचाच वाटायचा. एवढ्याशा बियांचं काय मेलं कौतुक, असं मनात यायचं.

मग राज्यं नव्यानं जुळवायचं साल आलं. नागपूर आमच्यापासून सुटलं आणि आमचं गाव भोपाळच्या राज्यात गेलं. मावशीचे यजमान केशवराव सरकारी कचेरीत कारकून. कुणी इकडं राहायचं, कुणी तिकडं जायचं, याची महिनोन् महिने कुजबुज चालली होती. शेवटी त्यांचं नागपूर ठरलं. मावशी रडली नाही, अडून बसली नाही. एवढंच म्हणाली, "माझं चिंधीचं गिलकं वाळू द्या. मग म्हणाल तिकडं येते."

केशवराव माणूस भला, पण भारी सुधारक. कुणी उंबऱ्याला लिंबू-मिरची बांधली की उभ्या उभ्या भाषण द्यायचे. दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी बायकोला मदत म्हणून ते एकटेच पट्टीवर गेले. गिलक्याला चिंधी दिसली. नजर लागू नये म्हणून आमच्याकडे लोक वेलाला काळी चिंधी बांधतात. यांना वाटलं, ही त्यातलीच. आपल्याच घरात हा खुळेपणा म्हणून त्यांनी चिंधी फेकली, गिलकं तोडलं, आणि पट्टीतलं सर्वांत मोठं म्हणून कौतुकानं साहेबांच्या घरी नेऊन दिलं. तिथं ते शिजेचना. शेवटी गाईला घातलं. आतलं बी अजून पांढरं, कच्चंच होतं.

मावशीनं आदळआपट केली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "इतकी पुस्तकं वाचता, मला एक शब्द विचारला असता." केशवराव मान खाली घालून बसले ते जेवायलासुद्धा उठले नाहीत.

मी नुकतीच माहेराहून बाळाला घेऊन आले होते. आमचा मांडव तसाच माजलेला. तो आवरून देईन असं मावशीनं कबूल केलं होतं, आणि ती शब्दाला पक्की. दुसऱ्या दिवशी आली. मी बाळाला घेऊन कडेला बसले. ती वेल असे ओढत होती की मांडवाच्या काठ्या निघाव्यात. डोळे वाहत होते, ते पुसतही नव्हती. मलाही राहवेना, मीही रडायला लागले. आणि खाली पडलेल्या ढिगातून काहीतरी खुळखुळलं.

मावशी थबकली. पाला उपसला. कुंपणाकडच्या गर्दीत कुणाला न दिसता राहिलेलं, वाळून तपकिरी झालेलं एक गिलकं. तिनं ते कानाशी धरून हलवलं, मग बाळाच्या कानाशी हलवलं, आणि मातीतच बसली.

"माझ्या आईचं आहे गं हे. तुझ्या मांडवावर येऊन बसलं होतं."

बी तिनं तिथंच झाडून काढलं आणि अर्धं माझ्या हातावर ठेवलं. मी म्हटलं, "मावशी, सगळं न्या."

"मग इतकी वर्षं माझ्यापाशी काय शिकलीस?"

दिवाळीनंतर ते दोघं नागपूरला गेले. मी मात्र तिच्यासारखीच झाले. बी वाटत सुटायची, लोक तोंड चुकवायचे. पुढं तापीला मोठा पूर आला, पट्ट्या खरवडून गेल्या, गल्लीत कुणाकडेच ते बी उरलं नाही. मावशी वारल्याचं आधीच कळलं होतं. एका लग्नाला नागपूरला गेले तेव्हा मुद्दाम केशवरावांना भेटायला गेले.

परसात मांडव होता. वाळकं पान औषधाला नाही. मी पुराचं सांगितलं. ते आत गेले, पुरचुंडी आणली, आणि अर्धं बी माझ्या ओंजळीत ओतलं. मला भरून आलं. ते दिसू नये म्हणून मी मांडवाकडे वळले. वर एक लांब, सरळ गिलकं लोंबत होतं, देठाला तांबडी चिंधी. माझा हात आपोआप तिकडं गेला.

"हात नका लावू वो," केशवराव म्हणाले, "बियाचं आहे."