धरणावरच्या बोटीच्या बॅटऱ्या

तेलगाव फाट्यावर जालिंदरचं बॅटऱ्या चार्ज करायचं दुकान होतं आणि दुकानामागेच त्याचं घर. दुकान कसलं, चार पत्रे अन् एक टेबल. पण आसपासच्या गावांतले निम्मे ट्रॅक्टर त्याच्याच भरवशावर चालू व्हायचे. माणूस पन्नाशीचा, कमी बोलणारा, आणि कामात असा हट्टी की गिऱ्हाईक कावून जायचं. तार जरा बारीक आणली की परत पाठवायचा. आता अशा माणसाचं गावात कौतुक होत असेल म्हणता? छे! गाडी अडली की जालिंदर, एरवी कोण कुठला.

चौदा साली सुंदररावांनी जलविहार सहकारी संस्था काढली. ऊस, पुढारपण आणि चेअरमनकी, सगळं त्यांच्या एकाच घरात नांदत होतं. कुठल्याशा योजनेतून एक पांढरी मोटरबोट आली आणि धरणाच्या काठावर येऊन पडली. पाहुणे येतील, हौसेनं फिरतील, असा बेत. बोटीला बॅटरी नव्हती, म्हणून जालिंदरला बोलावणं गेलं.

"ट्रॅक्टरची एक टाक आन् मोकळा हो," सुंदरराव म्हणाले.

"एकीवर भागणार न्हाई, चेअरमन. तुमी मधोमध जाऊन इंजिन बंद करणार, गाणी लावणार. गाण्यांनी बॅटरी उतरली तर सेल्फ कशावर मारायचा? तिथं धक्का द्यायला कोण उतरतंय?"

सुंदरराव हसले. "बरं, दोन घे. बोट नीट चालली की चालक तूच. संस्थेत कायम."

कायम! हा एक शब्द जालिंदरनं घरी नेला आणि बायकोला, मनकर्णेला, तीनदा सांगितला. त्याच्या बापानं मुकादमाच्या मागं उसतोडीत जन्म काढला. आज्याला तर पाटलाच्या विहिरीपासून दहा पावलं लांब ओंजळ धरून बसावं लागायचं, कुणी वरून ओतलं तर प्यायचं. त्या घरात कशातच कायम असं कुणी झालं नव्हतं. म्हणून बोट चालणं ही संस्थेची हौस असेल, जालिंदरसाठी ती उरलेल्या आयुष्याची सोय होती.

त्यानं बॅटऱ्या निवडल्या त्या पोरीला स्थळ बघावं तशा. एक पातळ प्लेटांची, इंजिनाला दणक्यात उठवणारी. दुसरी जाड प्लेटांची, दिवे, गाणी आणि आत शिरलेलं पाणी उपसायचा पंप यांना हळूहळू पुरणारी. दोघींच्या मधे एक बटण बसवलं. एरवी दोघी वेगळ्या. पण पहिलीनं मान टाकली तर बटण फिरवायचं, दुसरी मदतीला येते. अंगठ्याएवढ्या तारा ओढल्या, प्रत्येकीजवळ फ्यूज लावला, पेट्या पट्ट्यांनी आवळल्या. इतकं नेटकं काम त्यानं जन्मात केलं नव्हतं.

आणि पाऊस फिरकलाच नाही. धरण आटत आटत गेलं. पंधरा साली बोट भेगाळलेल्या गाळात कलंडून पडली आणि लोकांनी तळात काकड्या लावल्या. बॅटरी नुसती ठेवली की मरते, म्हणून जालिंदरनं दोन्ही घरी आणल्या. दर महिन्याला चार्ज करायचा, कमी झालेलं डिस्टिल वॉटर, म्हणजे क्षार काढलेलं शुद्ध पाणी, भरायचा. त्याचे डबे खाटेखाली होते. गावाला टँकर आठ-दहा दिवसांनी यायचा. बोअरचं पाणी होतं, पण असं मचूळ की जनावरही तोंड फिरवायचं. तरी मनकर्णेच्या दारातून कुणी तहानलेलं गेलं नाही. शेजारची म्हातारी बायनाबाई उन्हाची येऊन बसायची आणि म्हणायची, "तुज्या घरचं पानी लई ग्वाड गं." जालिंदरला त्याचा अभिमान वाटायचा.

पुढं बॅटऱ्या खंगू लागल्या. चार्ज मोजायचा हायड्रोमीटर लावला की त्यातला तरंगा तळाशीच. आधी एक सेल, मग दुसरा. लोडशेडिंगमुळं चार्ज अर्धवट राहतो, असं त्यानं मनाला समजावलं. चेअरमनला सांगावं, तर ते म्हणणार, तुला साध्या दोन बॅटऱ्या सांभाळता आल्या न्हाईत? मग कायमचं काय? तो गप्प बसला. चुकलंच त्याचं, पण भीती माणसाला असंच गप्प बसवते.

सोळाच्या पावसाळ्याअखेरी धरण भरलं. उद्घाटनाला मंडप घातला. जालिंदर रात्रभर चार्ज केलेल्या बॅटऱ्या परत बोटीत बसवून, पांढरा सदरा घालून सुकाणूवर बसला, सेल्फ मारला, आणि इंजिन पहिल्या फटक्यात उठलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मधोमध गेल्यावर सुंदरराव म्हणाले, "बंद कर रे, फोटो काढू." त्यानं बंद केलं.

ते परत उठलं नाही. सेल्फ एकदा कण्हला आणि थांबला. जालिंदरनं मधलं बटण फिरवलं, दुसरीही तशीच. दोघींना पाणी त्यानंच घातलं होतं, एकाच डब्यातलं. शेवटी थर्मोकोलच्या तराफ्यावर मासे धरणाऱ्या एकानं दोर बांधला आणि हौशी मंडळींना हातानं ओढत काठावर आणलं. मंडपातले लोक पोट धरून हसले. सुंदरराव उतरले ते तडक गाडीत जाऊन बसले.

घरी येऊन जालिंदरनं खाटेखालचा वापरातला डबा ओढला आणि झाकणात ओतून चाखलं. मचूळ. बोअरचं.

"मनकर्णे, ह्यातलं पानी कुटं गेलं?"

ती लपवणारी बाई नव्हती. "लोकांनला पाजलं. टँकर यायचा न्हाई, आन् दारात मानसं यायची. डबा रिकामा दिसू नये म्हनून बोअरचं भरून ठिवायची. पान्यासारखं पानी, मला वाटलं बाटरीला काय कळतंय."

"मला इचारायचं तरी."

"इचारलं असतं तर तुमी नको म्हनला असता का? दारात आलेल्याला?"

जालिंदर नाही म्हणाला असता का? त्याचा आजा आठवून सांगा. तो खाटेवर बसून राहिला. रागावायला कुणीच सापडेना, आणि त्याचंच त्याला जास्त दुखत होतं.

चौथ्या दिवशी सुंदररावांचा गडी मुंजाजी किल्ली न्यायला आला. बोट बाहेरच्या ठेकेदाराला दिली होती, त्याचा चालक त्याच्याबरोबर येणार होता. भर दुपार होती. मुंजाजी चालत आलेला, घामानं निथळत होता. मनकर्णा जागची हलली नाही, नवऱ्याकडं बघत राहिली. जालिंदरनं किल्ली दिली. मग खाटेखालून शेवटचा, सील न फोडलेला डबा काढला, सील फोडलं, पेला भरला आणि पुढं केला.

मुंजाजीनं पेल्याकडं पाहिलं, मग घराकडं, आणि दोन पावलं मागं सरला. "ऱ्हाऊ द्या. आत्ताच पिऊन आलो," म्हणाला आणि ओठ पुसत उन्हात निघून गेला.

पेला बराच वेळ टेबलावर तसाच होता. शेवटी जालिंदरनंच तो उचलून रिकामा केला. त्या पाण्याला कसलीच चव नव्हती.