रविवारच्या पत्रकाची पोच

कंपनीत मला तिरसट बाई म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रंग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी नोकरी करते. नमुने तपासायचे, आकडे भरायचे, अहवाल काढायचे. तेच तेच अहवाल हाताने काढून जीव मेटाकुटीला आला, तेव्हा चाळिशी उलटल्यावर मी पायथन शिकले. संगणकाला कामं सांगायची ही एक भाषा. सांगलीला आई होती तेव्हा तिला फोनवर हे समजावताना माझ्या नाकी नऊ आले होते. ती शेजारणींना सांगायची, पोरगी मशीनला बोलायला शिकवते.

बोईसरला तेव्हा माझ्यासारखे आणखी काही लोक होते. कुणी औषधांच्या कारखान्यातला, कुणी शाळेत शिकवणारी, कुणी हिशेब बघणारा. एका क्लासची खोली रविवारी रिकामी असायची, तिथे आम्ही जमायचो. एकमेकांच्या प्रोग्राममधल्या चुका काढायच्या, वाद घालायचे आणि शेवटी खाली जाऊन भजी खायची. मला वाद घालायला फार आवडतं आणि तिथे तो कुणी मनाला लावून घ्यायचं नाही. मग एकेक जण पुण्याला, बंगळुरूला, नाहीतर आपल्या गावी निघून गेला. क्लासवाल्यानं खोलीत शिवणयंत्रं बसवली. राहिले मी.

म्हणून मी पत्रक सुरू केलं. दर रविवारी सकाळी ईमेलनं जायचं. गेलेल्यांना, त्यांच्या ओळखीच्यांना, कधीतरी कुणी पत्ता दिला असेल त्यालाही. वर जगभरातल्या पायथनवाल्यांच्या बातम्या, खाली कामाच्या टिपा. इंग्रजीत हे ढिगानं मिळतं, पण मराठीत कोण सांगणार? म्हटलं, आपण सांगू. जुन्या आवृत्तीला आता दुरुस्त्या मिळायच्या नाहीत, आळस सोडा आणि नवी चढवा. फंक्शन लिहिताना त्यात आधीपासून रिकामी यादी देऊन ठेवू नका, ती मागच्या वेळचं उष्टं सांभाळून ठेवते आणि पुढच्याच्या ताटात वाढते. नाव टाइप करताना अक्षर चुकलं तर नवी आवृत्ती नुसती ओरडत नाही, विचारते, तुला अमुक म्हणायचं होतं का? त्याखाली मी लिहिलं होतं की, माझ्या घरात हे विचारणारी ती एकटीच. मला वाटलं, कुणीतरी हसेल.

कुणी काही लिहीत नसे. एक जण सोडून.

तो माकुणसार गावचा. आमच्या रविवारच्या मंडळींतला, हिशेब बघणारा तो हाच. घरची वाडी, नारळ, केळी, पानवेली, आणि हा तेव्हा रोज तिथून कारखान्यात यायचा. खोलीत फारसा बोलायचा नाही, पण शिकायचा मन लावून. पत्रक गेलं की त्याचं उत्तर लगेच यायचं. "वाचलं मॅडम, छान." "ही टिप फार कामाची." "हे माहीतच नव्हतं, नक्की करून बघतो." बस, एवढंच. पण त्या एवढ्यासाठी मी शनिवारभर बसून बातम्या वेचायची. बोईसरजवळ सरावलीतल्या माझ्या दोन खोल्यांत रविवारी दुसरा आवाजच नसायचा. शेजारी आपापल्या गावी जातात किंवा आपापल्या टीव्हीपुढे बसतात. मी त्या उत्तराची वाट बघायची आणि ते आलं की चहा टाकायची. लिहिताना डोळ्यांपुढे तोच असायचा. हे त्याला कळेल का, हे त्याला वाडीत उपयोगी पडेल का, असं म्हणत मी वाक्यं सोपी करायची.

आता माझी पाठवायची पद्धत सांगते, कारण घोटाळा तिथेच झाला. रविवारी सकाळी उठून ईमेल करत बसायला मी वेडी नाही. मी प्रोग्राम लिहून ठेवला होता. एका ठरावीक फोल्डरमध्ये जी सगळ्यात नवी फाइल असेल ती उचलायची आणि सगळ्यांना पाठवून द्यायची. मी शनिवारी पत्रक लिहून त्यात ठेवलं की माझं काम संपलं. स्वतःच्या हुशारीवर मी खूश होते.

आई गेली त्यानंतरची पहिली दिवाळी तोंडावर आली होती. भाऊ सारखा फोन करत होता, ये म्हणून. फोनवर तो मला बोलूच देत नाही, म्हणून त्याला सविस्तर लिहायचं ठरवलं. शनिवारी संध्याकाळी पत्रक संपवलं आणि तिथेच संगणकावर लगेच पत्र लिहायला घेतलं. "दादा, दिवाळीला मी येत नाही. आई नसलेल्या घरात मला घास उतरत नाही. इथेही कुणी नाही, पण इथे कुणी नसण्याची सवय झाली आहे. तिथे ती नव्यानं करावी लागेल." वाचून पाहिलं, रडले, आणि उद्या बघू म्हणून ते कुठे ठेवलं? त्याच फोल्डरमध्ये! असा गाढवपणा आमच्यासारखे लोकच करू जाणोत.

रविवारी सकाळी मी पडदे धूत होते. फोन वाजला. हात पुसून बघितलं तर माकुणसारचं उत्तर. "वा मॅडम! हे माहीतच नव्हतं. नक्की करून बघतो."

खाली माझं दादाला लिहिलेलं पत्र होतं.

आधी लाज वाटली. अगं बाई, हे सगळ्यांना गेलं! पुण्याला, बंगळुरूला, कुणाकुणाला! आता प्रत्येक जण विचारणार, मॅडम, हे चुकून आलं का? बऱ्या आहात ना? काय उत्तर द्यायचं ते मी ठरवूनही ठेवलं. पडदे बादलीत तसेच पडून राहिले.

कुणीही विचारलं नाही. रविवार गेला, सोमवार गेला. एवढ्या माणसांना मी माझं काळीज काढून पाठवलं होतं, आणि एकानंही ते उघडलं नव्हतं.

आणि ज्यानं उघडलं असं मला वाटत होतं, त्याचं काय? त्याचा राग मला उशिरा आला. माणसाची आई गेल्याचं वाचून कुणी "नक्की करून बघतो" म्हणतं का? मग एकदम लक्षात आलं आणि मी कपाळावर हात मारला. मीच शिकवलं होतं ते! मागे एका पत्रकात टिप दिली होती, ठरावीक माणसाची ईमेल आली की आपोआप पोच देणारा प्रोग्राम कसा लिहायचा. त्यात मी शहाणपणानं हेही लिहिलं होतं की उत्तर दर वेळी एकच नको, चार-पाच वाक्यं देऊन ठेवा आणि त्यातलं कुठलंही एक निवडायला सांगा, म्हणजे समोरच्याला माणूसच बोलतोय असं वाटतं.

वाटलं की! चांगलं वर्षभर वाटलं.

म्हणजे माझा प्रोग्राम पाठवत होता, त्याचा प्रोग्राम वाचत होता. मी मात्र दर रविवारी चहा टाकत होते.

पुढच्या रविवारी मी पत्रक पाठवलंच नाही. रेल्वेनं सफाळ्याला उतरले, रिक्षा केली आणि तडक माकुणसार गाठलं. दोन गोष्टी सुनवायच्या, एवढंच डोक्यात होतं. वाटेत वाक्यंही जुळवली होती, चांगली धारदार.

तो वाडीत केळीची सुकलेली पानं कापत होता. मला बघून कोयता खाली ठेवला. "म्याडम? तुमी? अशा अचानक? या, या, बसा." त्याच्या बायकोनं पाणी आणलं, शहाळं फोडलं, जेवूनच जा म्हणाली. इतक्या आपुलकीनं कुणी वागलं की माझी धार बोथट होते. तरी मी विचारलंच. "माझं पत्रक वाचता का हो तुम्ही?"

त्यानं बायकोकडे पाहिलं. मग म्हणाला, "खोटं नाय बोलणार म्याडम. नोकरी सोडली, आता सगळी वाडी माज्यावर हाय. सुरवातीला वाचायचो. मग जमंना."

"आणि उत्तरं?"

"ती... तुमीच शिकवलेलं." तो हसला नाही. "पंपाचं बघायला तो जुना संगणक दिवसरात चालू असतो, त्यातच ते बी लावलं. तुमी एवढं लिहायच्या. कोणीच बोललं नाय तर तुमाला वाईट वाटंल, असं वाटलं मला. नंतर इसरलोच, आयशप्पत."

मी जुळवून आणलेली सगळी वाक्यं वाया गेली. कंटाळून किंवा टाळायला त्यानं ते लावलं असतं तर मी भांडले असते. मला वाईट वाटू नये म्हणून लावलं होतं, त्याला काय बोलणार? आई गेल्यावर मला वाईट वाटेल का, याचा विचार कुणी केला असेल तर तो ह्या माणसानं, आणि तोही आई जायच्या आधीच करून ठेवलेला.

तो उठला, लुंगीला हात पुसले. बिचारा कानकोंडा झाला होता. "मोठी चूक झाली म्याडम. आत्ताच्या आत्ता बंद करतो," म्हणत तो घराकडे वळलाही.

मी त्याला हाक मारली. एवढी तिरसट बाई मी, त्याच्या बायकोसमोर बोलताना मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण बोलले.

"नको," म्हटलं. "चालू राहू द्या."