आईने पुढे ढकललेला नाताळ

माझी आई काठी गावाच्या पुढच्या डोंगरात राहते, मी खांडबाऱ्याजवळ. लग्न झाल्यापासून मी नवऱ्याच्या घरच्यांबरोबर चर्चला जाते. आई तिच्या डोंगरातल्या देवांना मानते. यावरून आमचं कधी भांडण झालं नाही. भांडायला इतर विषय भरपूर होते.

तिच्या पाड्यावर फोनला रेंज नाही. टेकडीवर मोहाचं एक झाड आहे, तिथेच काय ती मिळते. दर नाताळला चर्चमधली सकाळची भक्ती आटोपली की मी फोन लावायचा आणि तिने भावाबरोबर टेकडी चढून झाडाखाली बसायचं, असं आमचं ठरलेलं. पहिलं वाक्य तिचंच. "जेवलीस का?" दुसरं, "कोंबडा केवढा होता?" मग ती भावजयीच्या तक्रारी सांगायची, आणि भावजय तिथेच शेजारी बसलेली असायची.

यंदा नाताळच्या आठवडाभर आधी भावाचा फोन आला. आईचा पाय मुरगळला होता, टेकडी चढणं शक्य नव्हतं. मी अडुसष्ट वर्षांची, चौथी शिकलेली बाई. रडारड मला जमत नाही. पण आई पंच्याऐंशीच्या पुढे गेलीय. या वयात एका नाताळला आवाज ऐकला नाही, तर पुढच्या नाताळला ऐकायला मिळेलच असं कोण सांगणार? मी भावाला म्हटलं, "पाठीवर घेऊन चढ."

"विचारलं मी, बाई. म्हणाली, मी काय लाकडाची मोळी आहे?"

दुसऱ्या दिवशी तिचा निरोप घेऊन तो पुन्हा झाडाखाली गेला. "याहा म्हणते," (आमच्या बोलीत आईला याहा म्हणतात) "नाताळ चार दिवस पुढे ढकला. नाताळच्याच दिवशी आमची गावदिवाळी आहे. ती झाली की मी स्वतःच येते. टेकडी चढता येत नाही, पण जीप दारात येते."

डोंगरात दिवाळी कॅलेंडर बघून होत नाही. गावातले जाणते बसतात आणि आपल्या गावाचा दिवस ठरवतात. या गावाची आज, त्या गावाची आठ दिवसांनी. म्हणजे सोयऱ्यांना सगळीकडे जाता येतं. नाताळही असाच ठरतो, असं आई इतकी वर्षं धरून होती. "तुमचे पंच आळशी आहेत, दरवर्षी तोच दिवस धरतात," असं ती मला पूर्वी म्हणायची. मला वाटायचं, चेष्टा करते.

"तिला सांग, हा दिवस बदलत नाही. सगळ्या जगात एकच असतो."

"तूच सांग. मला म्हणेल, सगळ्या जगाला विचारून आलास का?"

मी थोडा विचार केला आणि म्हटलं, "सांग तिला, पंच तयार झाले."

नवरा शेजारी तूर निवडत होता. "कोणते पंच?"

"तुम्ही आणि मी."

पंचवीस तारखेला आम्ही चर्चला गेलो, गाणी म्हटली, घरी येऊन डाळ-भात खाल्ला. कोंबडा मी कापू दिला नाही. नवरा चार दिवस त्या कोंबड्याकडे बघत होता.

एकोणतीसला आई आली. खापरपर्यंत जीपने, नंदुरबारपर्यंत बसने आणि पुढे रेल्वेने. रेल्वेत ती जन्मात पहिल्यांदा बसली. स्टेशनवर भावाच्या खांद्याला धरून उतरली. एका हातात काठी, भावाच्या डोक्यावर आमचुराची टोपली. "गाडी बरी आहे, पण फार थांबते," म्हणाली. आणि लगेच, "कोंबडा आहे ना?"

शेजारच्या बायकांना मी आधीच सांगून ठेवलं होतं. त्या ढोलकी घेऊन आल्या आणि नाताळची सगळी गाणी पहिल्यापासून म्हणाल्या. आईने काठी आपटून ठेका धरला. आमच्या चर्चचे पाळकही आले. आईने टोपलीतून मोहाच्या दारूची बाटली काढली, उंबऱ्याबाहेर पूर्वजांसाठी चार थेंब सांडले आणि पाळकांना विचारलं, "तुमच्या देवालाही देऊ का?"

पाळकांनी वर टांगलेल्या नाताळच्या चांदणीकडे पाहिलं. "तो घेत नाही, आजी."

"नको तर नको. आमचे कोणी नाही म्हणत नाहीत." मग तिने त्यांना नीट न्याहाळलं. "पंचांत तुम्ही पण का?"

पाळकांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे डोळे वटारले.

"तुमच्या मुलीने सांगितलं, आजी, आम्ही ऐकलं," ते म्हणाले. खोटं बोलले नाहीत आणि सुटलेही.

आईने कोंबड्याची तंगडी चोखून साफ केली. "बघ, सांगितलं तर माणसं ऐकतात. आणि तू इतकी वर्षं मला त्या झाडाखाली बसवलंस."

तीन दिवस राहिली. भावजयीच्या तक्रारी या वेळी मी समोरासमोर आणि सविस्तर ऐकल्या. निघताना म्हणाली, "गावदिवाळीचा दिवस ठरला की निरोप धाडते. त्याआधी तुमचे पंच बसवू नकोस."

मी बरं म्हटलं. पुढच्या नाताळसाठी परवाच कोंबडी अंड्यांवर बसवलीय.